सोंड नव्हे, हात

मागच्या अंकात मोरोक्कोतल्या आइत बेन हद्दू या मातीच्या गावाचं छायाचित्र छापलं होतं आणि त्याखाली मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की या खेपेचं सगळं सदर त्या डोंगराळ मुलखातल्या गावांच्या नावांना द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी भूजलाची माणूस. नोकरीतली तीन वर्षं ॲटलास पर्वतात, अझिलाल प्रांतात, विहिरी आणि झरे मोजण्यात गेली. तिथल्या अमाझिघ लोकांची भाषा मी वाट विचारता विचारता शिकले. त्यामुळे माझी उत्तरं रस्त्यावरची आहेत.

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मराकेशहून वाळवंटाकडे गेलो. वाटेत ठिकठिकाणी ‘आइत’ने सुरू होणारे फलक दिसले. गाइड म्हणाला, आइत म्हणजे गाव. खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. आइत म्हणजे माणसं. अमक्याची लेकरं, अमक्याचं कूळ.

एकट्या मुलासाठी त्यांच्याकडे ‘ऊ’ हा शब्द आहे. १९१४ साली खेनिफ्राजवळ एल हेरीच्या लढाईत फ्रेंच फौजेचा धुव्वा उडवणारा सरदार मोहा ऊ हम्मू, म्हणजे हम्मूचा मुलगा मोहा. आपण वडलांचं नाव मधे लावतो, तसंच. या ‘ऊ’चं अनेकवचन ‘आइत’. सूस भागात त्याऐवजी ‘इदा’ ऐकू येतं, अगादीरच्या वरच्या डोंगरात इदा ऊ तनान आहेत. अल्जीरियाच्या कबिलिया या डोंगराळ भागात नुसतं ‘आत’ म्हणतात.

आइत बेन हद्दू या नावात मला नेहमी एक गंमत वाटते. ‘बेन’ हा अरबी शब्द, त्याचाही अर्थ ‘चा मुलगा’. म्हणजे ‘हद्दूच्या मुलाची लेकरं’. दोन भाषा एका नावात शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि दोघी तेच सांगताहेत. १९८७ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली ती मातीची तटबंदी बघायला लोक येतात, पण नाव भिंतींचं नाहीच, आतल्या माणसांचं आहे.

मात्र आइतच्या पुढे दर वेळी पूर्वजच असतो असं समजू नका. मराकेशहून निघाल्यावर तुम्हाला आइत ऊरीर लागलं असेल. ‘आऊरीर’ म्हणजे टेकडी, तेव्हा ती टेकडीवरची मंडळी. आणि कुळातली सगळी माणसं एका रक्ताची असतात असंही नाही. आश्रयाला आलेली, लग्नाने जोडलेली कुटुंबंही दोन पिढ्यांत ‘आइत अमुक’ होऊन जातात.

गावासाठी त्यांचा शब्द हवा असेल तर तो ‘तद्दार्त’. काही भागात त्याचा अर्थ घर, काही भागात गाव. तिझी न तिश्का घाट चढायच्या आधी तद्दार्त नावाचंच एक गाव लागतं, तिथे चहाला बहुतेक गाड्या थांबतात. तुमचीही थांबली असेल.

प्रश्न : २०२३ च्या भूकंपाच्या बातम्यांत ‘इघिल’ हे नाव रोज यायचं. त्याचा अर्थ काय? एवढं छोटं नाव मनातून जात नाही. (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकरा वाजून गेल्यावर तो धक्का बसला, ६.८ तीव्रतेचा. जवळजवळ तीन हजार माणसं गेली, त्यातली कितीतरी मराकेशच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या दगडामातीच्या घरांत झोपलेली. केंद्र इघिलच्या परिसरात होतं, म्हणून ते नाव जगभर गेलं.

इघिल म्हणजे हात. पंजा नव्हे, त्याच्या मागचा लांब भाग.

हा शब्द मला कसा कळला ते सांगते. मी ज्या घरी राहायचे तिथल्या आजींना सगळे ‘लल्ला’ म्हणत, मानाने बाईमाणसाला म्हणतात तसं. एका सकाळी त्या परातीत जवाचं पीठ मळत होत्या. मी नकाशा घेऊन आले आणि एका नावावर बोट ठेवून ड्रायव्हरला विचारलं, हे इघिल काय आहे? तो फ्रेंचमधून समजावू लागला, डोंगर, पण डोंगर नाही, लांबट डोंगर. लल्लांनी ते ऐकलं. त्यांनी परातीतून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत पिठाने माखलेला, आणि माझ्यासमोर आडवा धरला. दुसऱ्या हाताच्या बोटाने कोपरापासून मनगटापर्यंत एक रेघ ओढली. पिठात ती रेघ उमटली. मग त्यांनी हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. समोर मुख्य डोंगरापासून सुटून खाली दरीत उतरत गेलेली एक लांब धार होती आणि तिच्या पाठीवरून पायवाट गेली होती. पिठातल्या रेघेसारखीच.

सह्याद्रीत आपण अशा धारेला ‘सोंड’ म्हणतो. आपल्याला डोंगरात हत्ती दिसला, त्यांना माणूस दिसला. एवढाच फरक.

आणि एकदा तो माणूस दिसला की मग सगळीकडे दिसतो. ‘इमी’ म्हणजे तोंड. देम्नातपासून सहा-सात किलोमीटरवर इमी न इफ्री आहे, ‘गुहेचं तोंड’. नदीने खडक पोखरून तयार झालेला नैसर्गिक पूल आहे तिथे, आणि खाली उतरून वर पाहिलं की खरंच जबड्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. (‘इफ्री’चं अनेकवचन ‘इफ्रान’. मध्य ॲटलासमधलं बर्फासाठी प्रसिद्ध इफ्रान शहर ते हेच, गुहांचं गाव.) ‘इघफ’ म्हणजे डोकं, शिखर. ‘इघीर’ म्हणजे खांदा, आणि समुद्रात घुसलेलं भूशिर हाही खांदाच. अगादीर शहराचं जुनं पूर्ण नाव अगादीर न इघीर, ‘खांद्यावरचं कोठार’. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला तेव्हा त्यांनी त्या इघीरचं ‘काबो द गे’ केलं. गोव्यातल्या गावांच्या नावांचं त्यांच्या कागदात काय झालं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना नवल वाटणार नाही.

अगादीर या शब्दाबद्दलही थोडं सांगते, कारण तो माझा फार आवडता आहे. अगादीर म्हणजे गावाचं सामायिक, तटबंदीचं धान्यकोठार. आत दुतर्फा खोल्या, प्रत्येक कुटुंबाची एक, प्रत्येकीला लाकडी कुलूप आणि हातभर लांबीची लाकडी किल्ली. जव, बदाम, तेल, दागिने, जमिनीचे कागद, सगळं तिथे. राखणदार गावाने नेमलेला. नियम लाकडी फळ्यांवर लिहून ठेवलेले. दुष्काळात आणि लढाईत गाव तगायचं ते त्या भिंतीमागच्या धान्यावर. त्यामुळे ज्या ज्या डोंगरावर असं कोठार, तिथल्या वस्तीचं नाव अगादीर किंवा तगादीर्त. नकाशावर ही नावं मोजून संपत नाहीत.

प्रश्न : मुलगा अल्जीरियात तिझी उझू इथे कामाला आहे. आम्ही मोरोक्कोत तिझी न तिश्का पाहिलं. एकात ‘न’ आहे, दुसऱ्यात नाही. असं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फार बारीक नजर आहे तुमची. ‘तिझी’ म्हणजे खिंड. ‘न’ म्हणजे आपला चा-ची-चे. तिझी न तिश्का, म्हणजे तिश्काची खिंड, २,२६० मीटर उंचीवरची.

तिझी उझूमध्येही तो ‘न’ होता, पण तो विरघळला. ‘उझ्झू’ हे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. नाव मुळात ‘उझ्झूची खिंड’. पण या भाषेत ‘चा’ लागला की पुढच्या नामाचं तोंड बदलतं. आपल्याकडे घोडा आणि चा मिळून ‘घोडाचा’ होत नाही, ‘घोड्याचा’ होतो. शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलो ते. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेवटी होतं, त्यांचं सुरुवातीला. ‘अमान’ म्हणजे पाणी, पण पाण्याचा म्हणताना ‘न वमान’. ‘असीफ’ म्हणजे नदी, नदीचा म्हणताना ‘न वसीफ’. तसंच उझ्झूचं ‘वेझ्झू’ होतं, आणि कबिलियाच्या बोलीत आधीचा ‘न’ त्या ‘व’मध्ये मिसळून जातो. तिथली माणसं म्हणतात ‘तिझी वेझ्झू’. फ्रेंच कारकुनाने जे ऐकलं ते त्याच्या लिपीत बसवलं, आणि आपण ते तिसऱ्यांदा उच्चारून ‘उझू’ केलं.

मुलाला आणखी एक गोष्ट सांगा, त्याला नकाशा वाचताना उपयोगी पडेल. शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘त’ लागला की तो स्त्रीलिंगी होतो आणि बहुतेक वेळा लहानही होतो. आपल्या वाडा-वाडी, टेकाड-टेकडी, सुरा-सुरीसारखं. ‘इघिल’ मोठी धार, ‘तिघिल्त’ छोटी. ‘अझ्रू’ खडक, ‘तझ्रूत’ लहान खडक. (मध्य ॲटलासमध्ये अझ्रू नावाचं शहर आहे, तो खडक अजून गावात उभा आहे.) ‘इघरेम’ तटबंदीचं गाव, ‘तिघरेम्त’ एका घराण्याची चार बुरुजांची गढी. हे कळल्यापासून मला नकाशावरची ‘त’ने सुरू होणारी आणि ‘त’नेच संपणारी नावं घरच्यासारखी वाटू लागली.

प्रश्न : आम्ही कायमचे दुष्काळी. तुम्ही पाण्याचं काम केलंत म्हणून विचारतो. गावाच्या नावावरून तिथलं पाणी खरोखर सापडतं का? (एक शेतकरी वाचक, मंगळवेढा)

उत्तर : दादा, सापडतं. माझ्या वरिष्ठांना ते पटायला वेळ लागला, मला लागला नाही.

त्या भाषेत पाण्याला शब्द किती आहेत पाहा. ‘अनू’ म्हणजे विहीर, ‘तानूत’ म्हणजे छोटी विहीर. मराकेशहून अगादीरकडे जाताना इमी न तानूत लागतं, ‘विहिरीचं तोंड’. ‘अघबालू’ म्हणजे झरा. ‘तर्गा’ म्हणजे पाट. ‘अगेल्माम’ म्हणजे डोंगरातलं तळं. ‘इमूझ्झेर’ हे नाव दिसलं की धबधबा शोधायचा. आणि ‘तित’ म्हणजे डोळा, आणि डोळा म्हणजेच झरा, जमिनीतून पाणी बघतं ती जागा. त्याचं अनेकवचन ‘तित्तावीन’. मोरोक्कोच्या उत्तरेचं तेतुआन आणि पार ट्युनिशियाच्या दक्षिणेचं ततावीन, ही दोन्ही नावं त्याच एका शब्दाची, ‘डोळे’. अरबीतही ‘ऐन’ म्हणजे डोळा आणि झरा. तुम्ही उसाला डोळा म्हणता ना, जिथून कोंब फुटतो त्या जागेला? ते मी लल्लांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा मान हलवली.

सर्वेक्षणाला निघताना मी आदल्या रात्री नकाशावरच्या अशा नावांभोवती निळ्या पेन्सिलीने गोल करायचे. बहुतेक ठिकाणी गोलाच्या आत कुठे ना कुठे ओल मिळायची. डोंगराच्या पोटातला चुनखडक पाणी धरून ठेवतो आणि खालच्या चिकण थराशी आलं की बाहेर सोडतो. गाव तिथेच बसतं आणि नावही तिथेच पडतं.

पण एक वाडी मला विसरता येत नाही. नाव तानूत. निळा गोल करून, दोन तास चढून आम्ही तिथे पोचलो. विहीर होती, दगडी काठावर दोरांनी पडलेल्या खोल खाचा होत्या, माझं बोट आख्खं बसेल एवढ्या. मी दोर सोडला. टोकाला बांधलेलं वजन कोरड्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. एक बाई गाढवावर प्लास्टिकचे कॅन लादून वर येत होत्या. त्यांनी सांगितलं, खालच्या अंगाला मोटारी बसल्या त्यानंतर चार वर्षांत विहीर आटली. आता पाणी दरीतून आणायचं, दिवसातून दोन खेपा. मी वहीत ‘तानूत, पाणी नाही’ असं लिहिलं. त्यांनी काय लिहिलं ते विचारलं, ड्रायव्हरने सांगितलं. त्या म्हणाल्या, पाणी नाही असं लिही, पण नाव खोडू नकोस. मी खोडलं नाही. तेव्हा नावावरून पाणी सापडतं, पण ते नाव ठेवलं त्या काळचं पाणी असतं. दोर सोडून बघितल्याशिवाय विहिरीवर पैसे घालू नका, तुमच्याकडेही.

प्रश्न : उझूदच्या धबधब्यावर एका माणसाने सांगितलं, उझूद म्हणजे ऑलिव्ह. दुसरा म्हणाला, दळण. कुणाचं खरं मानायचं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : माझं मत दळणाच्या बाजूने. कारण असं. शंभर मीटरहून उंच असा तो धबधबा, त्याच्या आसपास ऑलिव्हची झाडं भरपूर आहेत, म्हणून ऑलिव्हची गोष्ट चटकन पटते. पण ऑलिव्हला त्यांचा शब्द ‘अझेम्मूर’. अटलांटिकच्या किनाऱ्यावर त्या नावाचं जुनं शहरच आहे. झैतून म्हणाल तर ते अरबी. दोन्हींतून ‘उझूद’ निघत नाही. उलट दळण्याच्या क्रियापदाशी ते जवळचं आहे, आणि धबधब्याच्या माथ्यावर पाण्यावर चालणाऱ्या जुन्या चक्क्या आजही उभ्या आहेत. मी एकीत आत गेले होते. आडव्या पंख्यावर पाणी आदळत होतं, वर दगड फिरत होता, आणि आतल्या माणसाच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

असंच वारझाझातचं. ‘वार’ म्हणजे विना आणि ‘झाझात’ म्हणजे गोंगाट, म्हणून ‘निवांत गाव’ असं तिथे सगळे सांगतात. मराकेशचं ‘देवाची भूमी’ असं सांगतात, आणि युरोपियनांनी त्याच शहराच्या नावावरून देशाला मोरोक्को म्हटलं. या सांगण्यांना मी गोष्टी म्हणून जपते. गावकरी आपल्या गावाबद्दल काय सांगतात हीसुद्धा माहितीच आहे, फक्त ती वेगळ्या वहीत लिहायची.

प्रश्न : वर्गात ‘बर्बर लोक’ असं शिकवताना मला अवघड वाटतं. मराठीत बर्बर म्हणजे रानटी. योग्य शब्द कोणता? (एक शिक्षिका, अमरावती)

उत्तर : तुम्हाला अवघड वाटलं याचा मला आनंद झाला. ग्रीक लोक ज्यांची भाषा कळत नाही त्यांना ‘बार्बारोस’ म्हणायचे, बर-बर असं काहीतरी बोलणारे. संस्कृतातही ‘बर्बर’ आहे, परक्यांसाठी आणि अडखळत बोलण्यासाठी. उत्तर आफ्रिकेतल्या या लोकांना ते नाव बाहेरच्यांनी चिकटवलं. ते स्वतःला ‘अमाझिघ’ म्हणवतात, अनेकवचन ‘इमाझिघन’, आणि त्याचा अर्थ ‘स्वतंत्र माणूस’ असा सांगतात. भाषा ‘तमाझिघ्त’. पुन्हा तेच पाहा, दोन्ही बाजूंना ‘त’.

मुलांना अमाझिघ हाच शब्द शिकवा. जुन्या पुस्तकात दुसरा शब्द भेटला तर तेच लोक हे त्यांना कळावं, म्हणून एकदा सांगून ठेवा. मोरोक्कोने २०११ च्या राज्यघटनेत या भाषेला राजभाषेचा दर्जा दिला, अल्जीरियाने २०१६ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं गावाचं नाव गावकऱ्याच्या तोंडी एक आणि सरकारी फलकावर दुसरं, अशी स्थिती होती. फ्रेंच अमलात, १९१२ ते १९५६, जे कानाला लागलं ते लिहिलं गेलं. घशातल्या ‘घ’साठी कुणी जी-एच लिहिलं, कुणी आर-एच, त्यामुळे इघिल आणि इर्हिल ही दोन वेगळी ठिकाणं आहेत असं समजून मी स्वतः एक आख्खा दिवस चुकीच्या दरीत काढला आहे.

प्रश्न : माझी नात सात वर्षांची आहे. तिने तुमच्या लेखाच्या छायाचित्रातल्या फलकावरचं एक अक्षर वहीत काढलं आहे, सोबत पाठवते. हे अक्षर आहे की चित्र? (एक आजी, बेळगाव)

उत्तर : अक्षर आहे, आजी. त्या लिपीचं नाव तिफिनाघ. मोरोक्कोने २००३ साली तमाझिघ्तसाठी ती स्वीकारली, म्हणून आता फलकांवर अरबी आणि फ्रेंचबरोबर तीही दिसते. नातीने काढलंय ते ‘याझ’, आपल्या झ-ज़सारखा उच्चार, अमाझिघ शब्दाच्या मधोमध असलेला. मधे उभी रेघ, वर दोन हात उचललेले, खाली दोन पाय फाकलेले, असा उभा माणूस. त्यांच्या झेंड्यावरही तो लाल रंगात आहे. तिने कागद उलटा धरून काढलं असं तुम्ही लिहिलंत, पण तिची चूक झालेली नाही. ते अक्षर वरून आणि खालून सारखंच असतं.